तीनात बसवा

दांडेकर पुलाजवळ, पिठाच्या गिरणीखाली
आमचा स्टुडिओ.
गिरणी दुपारी एक ते चार बंद,
म्हणून जगातलं सगळं प्रेम
आम्ही एक ते चारमध्ये उरकतो.

बांगड्या बाहेर. पंखा बंद. मे महिना.
मी चाळिशीची, पोटापाण्याला खार:
कार्टूनमधली, शेपटीवाली.
शिवाय घंटागाडीत
"ओला कचरा वेगळा, सुका वेगळा" म्हणते
ती मीच.

वृंदा काळोखे नायिका.
चुंबनाचा आवाज ती स्वतःच्या मनगटावर काढते.
तिथे लिपस्टिकचा अर्धा ओठ उरतो,
तो ती ओढणीला पुसते.
मी बघत नाही.
बघते.

शिवाय ती एका बँकेच्या फोनमध्ये राहते.
"मराठीसाठी एक दाबा."
मी दाबते, रात्री साडेअकराला.
खात्यात बाराशे चाळीस रुपये,
ते तिने मला अकरा वेळा सांगितले,
दरवेळी तितक्याच मायेने, जणू लाख आहेत.
"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."
सगळ्यांनाच म्हणते.
तरी.

परवा नायकाचा आवाज, म्हणजे धनेश बोकील,
मेहुण्याच्या हळदीत ओरडून बसला.
घैसास काचेपलीकडून म्हणाले,
"खारूताई, तात्पुरतं तुम्हीच द्या. जाड आवाजात."
पडद्यावर तुर्कस्तानातलं बंदर, वारा,
नायकाच्या ओंजळीत नायिकेचा चेहरा.
कागदावर: माझं तुझ्यावर प्रेम आहे.
त्याचे ओठ 'तुझ्या'लाच मिटले,
उरलेलं प्रेम तो बंद तोंडाने बोलला,
बोलक्या बाहुलीवाल्यासारखा.

"आठ होतात," घैसास म्हणाले. "तोंड तीनदाच उघडतंय.
तीनात बसवा."

तू हवी. ("भाजी घेताय का?")
माझी हो. ("विम्याची जाहिरात वाटते.")
ऐक ना. ("ऐकतेय ती. पुढे?")
मराठीत प्रेम लांबतंच.

तेवढ्यात माझं पोट वाजलं.
स्वच्छ. दोन्ही माइकांत.
घैसासांनी कपाळ धरलं.
आणि वृंदा, बँकेतली नव्हे, बंदरावरची नव्हे,
चाकणच्या कांदाबाजारात वाढलेली वृंदा
माझ्याकडे वळून, मूळ आवाजात:
"जेवली का?"

काचेवर थाप पडली.
"बसलं! ओठ जुळले! तेच ठेवा!"

तेच ठेवलं. बोकीलनेही नंतर तेच म्हटलं.
आता त्या मालिकेत समुद्र खवळलाय,
तिचा बाप पिस्तूल घेऊन धावत येतोय,
आणि तो डोळे भरून विचारतो, जेवली का.
माझी वहिनी रडली.
म्हणाली, पुरुष असावा तर असा.

त्या दिवशी चार वाजता
वृंदाने जिन्यात डबा उघडला,
कालची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.
वर गिरणी सुरू झाली,
पायऱ्या थरथरल्या, पीठ उतरलं केसांवर,
आणि त्या घरघरीत मी म्हणून टाकलं,
आठच्या आठ.
खारीचा नाही, घंटागाडीचा नाही,
जो आवाज मला नीट येतही नाही
त्या आवाजात.

"ऐकू नाय आलं!" ती ओरडली.
"काही नाही!" मी ओरडले.
ती भाकरी मोडत राहिली.
मग कानाशी येऊन म्हणाली,
"बारा वर्षं ओठच वाचती मी.
आठ होते. मोजले."
आणि पीठ लागलेलं मनगट पुढे केलं.
"सरावाला. उद्या एकला सीन अठ्ठेचाळीस."

बँकेला मी आता फोन करत नाही.
मेथी निवडता निवडता तीच सांगते,
तितक्याच मायेने,
की तुझ्या खात्यात काहीही शिल्लक नाही.